दोन पेन्सचा पूल: अस्सल, नक्कल आणि मधली कमान

फोर्टातल्या एका फुटपाथवर जुनी नाणी-तिकिटं विकणाऱ्या गृहस्थाने काही वर्षांपूर्वी मला एक लाल तिकीट विकलं. तिकिटावर सिडनीचा हार्बर ब्रिज, त्याच्या खालून निघालेलं जहाज आणि किंमत दोन पेन्स. "कोरीव छपाईचं आहे साहेब, साधं नाही," असं म्हणत त्याने दुप्पट पैसे घेतले. मीही जाणकाराच्या थाटात मान डोलावली. कोरीव म्हणजे काय आणि साधं म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली, दुसरं काय! घरी आल्यावर भिंग घेऊन बसलो आणि लक्षात आलं की आपल्याला पुलातलंही काही कळत नाही आणि छपाईतलंही. पुढचे काही महिने या दोन्हींच्या नादात गेले.

ही तिकिटं ऑस्ट्रेलियात १४ मार्च १९३२ ला विक्रीला आली. पूल रहदारीला खुला झाला तो १९ मार्चला. म्हणजे पुलावरून रहदारी सुरू व्हायच्या आधीच पाकिटांवर बसून पूल देशभर हिंडू लागला होता. तिकिटं तीन किमतींची होती: लाल दोन पेन्सचं, निळं तीन पेन्सचं आणि हिरवं पाच शिलिंगचं. चित्र तिन्हींवर एकच. त्या वेळी साध्या पत्राला दोन पेन्स लागत, म्हणून लाल तिकीट घरोघरी पोचलं. पाच शिलिंग म्हणजे साठ पेन्स, तीस पत्रांचा टपालखर्च. जागतिक मंदीने देशाचं कंबरडं मोडलेलं, लोक कामाच्या शोधात वणवण फिरत होते. अशा दिवसांत हौसेखातर हिरवं तिकीट घेऊन ठेवणारे किती असणार? त्यामुळेच आज संग्राहक लाल तिकिटाकडे ढुंकून बघत नाहीत आणि हिरवं दिसलं की खुर्ची पुढे ओढतात.

आधी चित्राकडे बघू. तिकिटावर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची कमान दिसते. खऱ्या कमानीचा गाळा आहे ५०३ मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर, मध्ये एकही खांब नाही. कमानीचा माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंच. दोन्ही टोकांना दगडी मनोरे. कुणालाही वाटेल की कमान या मनोऱ्यांवर टेकलीय. मलाही तसंच वाटलं होतं.

तसं नाहीये. ८९ मीटर उंचीचे हे चार मनोरे उद्या कुणी उतरवून ठेवले तरी कमान जागची हलणार नाही. आतून काँक्रीट, वरून मोरुया गावच्या खाणीतला ग्रॅनाइट, आणि काम बहुतांशी शोभेचं. एवढा मोठा लोखंडी सांगाडा नुसताच किनाऱ्यावर टेकलेला बघून लोकांच्या जिवाला घोर लागू नये, डोळ्याला काहीतरी भक्कम दिसावं, म्हणून ते उभे केले. लग्नाच्या मांडवाला दाराशी केळीचे खांब बांधतात ना, मांडव काही त्यांच्यावर उभा नसतो. तसंच हे.

मग कमान उभी आहे कशावर? घरातल्या घरात एक प्रयोग करून बघा. दोन माणसांना समोरासमोर उभं करा आणि तळव्याला तळवा टेकवून एकमेकांकडे झुकायला सांगा. हात सुटत नाहीत, उलट जितकं झुकावं तितके घट्ट बसतात. पाय मात्र मागे सरकू लागतात. गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून केलंत तर दोघंही आपटतील. पायांमागे भिंत असेल तर कुणी पाठीवर पोतं ठेवलं तरी बेहत्तर. कमानीचं सगळं गणित एवढंच आहे. वरचं ओझं ती सरळ खाली टाकत नाही, तिरपं बाहेर ढकलते. ते ढकलणं झेलायला टोकाला काहीतरी न हलणारं हवं. सिडनीच्या दोन्ही काठांवर वालुकाश्माचा खडक आहे, तीच इथली भिंत. कमानीचे चार पाय चार पोलादी बिजागऱ्यांवर टेकलेत आणि प्रत्येक बिजागरी सुमारे २०,००० टनांचा रेटा खडकात पोचवते.

बिजागरी हा शब्द मी उगीच वापरत नाहीये. दाराच्या बिजागरीसारखीच तिच्यातून एक पोलादी कांब जाते, फक्त इथली कांब चार मीटरहून लांब आणि फूटभराहून जाड. तिची गरज काय? पोलाद उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं. दोन्ही पाय घट्ट आवळून ठेवले असते तर उन्हाळ्यात वाढलेलं पोलाद जायचं कुठे? बिजागरीमुळे कमान पायाशी किंचित फिरते आणि माथा वर सरकतो. कडक उन्हाच्या दिवशी तो १८ सेंटिमीटरपर्यंत चढतो. म्हणजे या पुलाची उंची सांगताना खरं तर हवामानही सांगायला हवं.

आता पूल बांधला कसा, ते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुरस भाग हाच. आपल्याकडे दगडी कमान बांधायची तर आधी खाली लाकडी साचा उभारतात, त्यावर दगड रचतात, मधला चावीचा दगड बसला की साचा काढून घेतात. सिडनीत हे शक्य नव्हतं. खाली खोल पाणी, वर जहाजांची अखंड ये-जा, बंदर काही वर्षानुवर्षं बंद ठेवता येत नाही. मग साच्याशिवाय कमान बांधायची तर दोन्ही काठांवरून अर्धी अर्धी हवेत वाढवत न्यायची. पण अर्धी कमान म्हणजे कमान नव्हेच, ती पाण्यात कोसळायला टपलेली लोखंडाची फांदी. विहिरीच्या काठावरून आत वाकलेल्या माणसाला मागून दोर लावून धरतात, तसं या दोन्ही फांद्यांना मागून धरलं. प्रत्येक बाजूला १२८ पोलादी दोर कमानीच्या वरच्या टोकाला बांधले आणि खडकात घोड्याच्या नालेसारखा बोगदा खणून त्यातून ओवून घेतले. कमानीच्या पाठीवरून सरपटत पुढे जाणाऱ्या दोन क्रेन होत्या. ज्या भागावर उभं राहायचं त्याच्याच पुढचा भाग लावायचा, मग त्यावर सरकायचं, असा त्यांचा प्रवास.

कमानीचं काम १९२८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. १९३० च्या ऑगस्टमध्ये दोन फांद्यांच्या टोकांत साधारण मीटरभराची फट उरली. ही फट बुजवायला पोलाद जोडलं नाही, मागचे दोर थोडे थोडे सैल सोडले. दोर सैल झाले तशी दोन्ही टोकं हळूहळू पुढे झुकत एकमेकांकडे आली. ऊन, वारा, रात्रीचा गारवा, सगळ्यांनी टोकं हलायची, कामगार डोळ्यात तेल घालून बसलेले. १९ ऑगस्टला रात्री दहाच्या सुमारास टोकं भिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहर जागं झालं तर क्रेनांवर झेंडे फडकत होते.

त्या रात्री कमानीच्या आत काय झालं ते डोळ्याला दिसत नाही, पण समजून घेण्यासारखं आहे. तोवर कमानीचा वरचा पट्टा ताणलेला होता, कारण दोर त्याला मागे खेचत होते. टोकं जुळली, दोर काढले, आणि मग याच पट्ट्याला दाब सोसायची सवय लावली गेली. म्हणजे तेच पोलाद, तीच जागा, पण काम नेमकं उलटं. दोराने बांधलेला माणूस आता तळवा टेकवून उभा राहिला. तिकिटात कमान मधोमध सडपातळ आणि टोकांना रुंद दिसते. प्रत्यक्षात माथ्याशी तिची जाडी १८ मीटर आणि मनोऱ्यांपाशी ५७ मीटर आहे. फांदी बुंध्याशी जाड असते, तसंच ते आहे, कारण जवळजवळ दोन वर्षं ती फांदीच होती.

रस्ता आणि रेल्वेचा भाग त्यानंतर आला. तो कमानीखाली टांगलेला आहे आणि बांधत आणला तो मधून काठांकडे, कारण क्रेन माथ्यावर पोचल्याच होत्या, परतीच्या वाटेवर त्यांनी हे काम उरकलं. सगळ्या पुलात सुमारे ५२,८०० टन पोलाद आणि जवळपास ६० लाख रिव्हेट. वेल्डिंग नाही. एकजण भट्टीत रिव्हेट लालबुंद करून हवेत भिरकावायचा, दुसरा बादलीत झेलायचा, तिसरा-चौथा भोकात बसवून ठोकायचे. एखादा नेम चुकला तर निखारा थेट खाली बंदरात. या बांधकामात १६ कामगार गेले. पुलाच्या वाटेत आलेली शेकडो घरं पाडली आणि त्यांतल्या भाडेकरूंना भरपाई म्हणून काहीही मिळालं नाही. तिकिटावर यातलं काही नाही, अर्थातच. तिकिटावर आकाश स्वच्छ आहे.

पूल कुणाचा, यावरूनही वाजलं. सरकारी मुख्य अभियंता ब्रॅडफील्ड म्हणत की कल्पना माझी, आणि डॉर्मन लाँग या इंग्लिश कंत्राटदार कंपनीचे सल्लागार राल्फ फ्रीमन म्हणत की आराखडा माझा. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं. उद्घाटनाआधी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, पुलावर ९६ वाफेची इंजिनं एकाला एक लावून उभी केली आणि पूल किती वाकतो ते मोजलं. मग १९ मार्चला प्रीमियर, म्हणजे तिथल्या राज्याचा मुख्यमंत्री, जॅक लँग फीत कापायला सरसावणार, तोच द ग्रूट नावाचा लष्करी पोशाखातला इसम घोड्यावरून पुढे आला आणि त्याने तलवारीने फीत तोडली. लँगच्या राजकारणाचा त्याला राग होता. त्याला घोड्यावरून उतरवलं, पुढे पाच पौंड दंड झाला. फीत परत बांधली आणि मग लँगने ती कापली. आपल्याकडच्या उद्घाटनांत नेते एकमेकांची कात्री पळवतात, ते त्यामानाने सभ्यच म्हणायचं.

आता माझ्या लाल तिकिटाकडे. रेखाटन रोनाल्ड हॅरिसन यांचं, कोरलं फ्रँक मॅन्ली यांनी. छपाई मेलबर्नला, जिथे ऑस्ट्रेलियाच्या नोटा छापत तिथेच. नाशिक रोडचा आपला अनुभव तोच आहे, नोटांचा छापखाना आणि तिकिटांचा छापखाना एकमेकांच्या शेजारी. कारण तिकीट ही एक प्रकारे नोटच असते. कागदाच्या कपट्याला सरकार किंमत देतं, आणि म्हणून तो कपटा कुणालाही घरी छापता येणार नाही अशी तजवीज करावी लागते.

ही तजवीज म्हणजे कोरीव छपाई. पाचशेची नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून नख हलकेच फिरवा. खरखर लागते ना? ती शाई कागदाच्या वर उठलेली असते. धातूच्या पत्र्यात रेषा खोल कोरायच्या, सगळ्या पत्र्याला शाई फासायची, मग पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई उरते ती फक्त खाचांत. त्यावर कागद प्रचंड दाबाने दाबला की खाचेतली शाई उचलून घेऊन कागद बाहेर येतो. मोदकाचा साचा आठवा. पारी खाचेत शिरते आणि बाहेर येताना कळ्या उठून दिसतात. इथे पारीच्या जागी कागद आणि वर शाई, एवढाच फरक.

दुसरी पद्धत याच्या बरोबर उलटी. जुन्या छापखान्यांत खिळे जुळवत, तशी. जे छापायचं ते उंच, बाकीचं खोलगट. शाई लागते ती उंच भागाला आणि तोच भाग कागदावर टेकतो. रबरी शिक्का हा तिचा धाकटा भाऊ. शिक्का जोरात मारला की अक्षराच्या कडेला शाई जमून गडद रेघ होते आणि कागदाच्या मागे किंचित फुगवटा येतो. तेच इथेही होतं. ही छपाई भराभर होते आणि स्वस्त पडते, पण केसासारख्या दोन रेषा शेजारी शेजारी आल्या की त्यांच्यामधली पांढरी जागा शाईने भरून जायची भीती.

आता विचार करा, चित्र कशाचं आहे? पुलाचं. पूल म्हणजे रेषाच रेषा: आडव्या, उभ्या, तिरक्या, त्यांची जाळी. कोरीव कारागिराला याहून आवडता विषय मिळणार नाही. इमारतीच्या भिंतीला, माणसाच्या गालाला छटा द्यावी लागते, ती रेषांतून दाखवताना ओढाताण होते. पोलादी जाळीला छटा नकोच. मॅन्लीने नुसती रेघ ओढली की ती तुळई झाली. फक्त हे सगळं उलटं कोरायचं, आरशातल्यासारखं, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल.

दोन पेन्सचं तिकीट मात्र लाखांच्या संख्येने लागणार होतं. म्हणून ते दोन्ही पद्धतींनी छापलं: कोरीवही आणि उठावाच्या ठशानेही. तीन पेन्स आणि पाच शिलिंग फक्त कोरीव. फुटपाथवरच्या गृहस्थाचं बोलणं म्हणजे हेच होतं. लाल तिकिटाचे दोन सख्खे भाऊ आहेत, दिसायला जुळे, जन्माला आले वेगवेगळ्या यंत्रांवर.

ओळखायचं कसं? भिंग आहेच, पण त्याहून सोपी युक्ती जुन्या संग्राहकांना ठाऊक असते. चॉकलेटच्या वेष्टनातली पातळ चांदी तिकिटावर पसरायची आणि बोटाच्या टोकाने हलकेच घासायची. कोरीव तिकीट असेल तर उठलेल्या शाईचा ठसा चांदीवर उमटतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासायचो, त्याच जातीचा उद्योग. शिवाय आणखी दोन खुणा. कोरीव तिकिटाच्या कागदात जलचिन्ह नाही, ठशाच्या तिकिटाच्या कागदात मुकुट आणि ‘सी ऑफ ए’ (कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया) ही अक्षरं पुन्हा पुन्हा आलेली आहेत. नोट उजेडात धरल्यावर पांढऱ्या जागेत गांधीजी दिसतात, तो प्रकार. आणि तिसरी खूण कडेच्या छिद्रांची. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते मोजायचं. कोरीव तिकिटाला ११, ठशाच्याला साडेदहा. अर्ध्या छिद्राचा फरक. हसू येईल, पण या अर्ध्या छिद्रावर माणसं पकडली जातात.

कारण १९३२ सालीच या दोन पेन्सच्या तिकिटाची नक्कल बाजारात आली. संग्राहकांना फसवायला नव्हे, थेट टपालखात्याला फसवायला. कुणालाही वाटेल की नक्कल करायचीच तर पाच शिलिंगच्या तिकिटाची करावी. पण पाच शिलिंगचं तिकीट टपालखिडकीवरचा माणूस नीट निरखून बघणार. दोन पेन्सचं कोण बघतो? रोज हजारो पाकिटांवर डकवलेलं, शिक्का मारून पुढे सरकवलेलं. पाचशेची खोटी नोट खपवण्यापेक्षा दहाची पन्नास खोटी नाणी खपवणं सोपं, तसलाच हिशेब.

भामट्यांनी नक्कल केली ठशाच्या तिकिटाची. कोरीव छपाईचं यंत्र कुठून आणणार? पण कागद जलचिन्हाचा मिळाला नाही आणि छिद्रं पडली ११ ची. गंमत बघा, जलचिन्ह नाही आणि छिद्रं ११, ही दोन्ही लक्षणं खरीच आहेत, फक्त ती दुसऱ्या भावाची. मला वाटतं, त्यांच्या टेबलावर नमुना म्हणून दोन्ही भाऊ एकत्र पडले असावेत. चेहरा एकाचा घेतला, अंगरखा दुसऱ्याचा. हा माझा तर्क, पुरावा काही नाही. आज त्या नकलेला अस्सल तिकिटापेक्षा कितीतरी पट किंमत मिळते. टपालखात्याला दोन पेन्सना बुडवायला छापलेला कागद, आणि संग्राहक त्यासाठी आता नोटांची चवड मोजतात.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी माझं लाल तिकीट पुन्हा बाहेर काढलं. चांदी पसरून घासली. काहीही उमटलं नाही, चांदी गुळगुळीत. म्हणजे कोरीव नाही, ठशाचं. दुप्पट पैसे गेले ते गेले. पण लगेच दुसरा विचार आला आणि छातीत धडधडलं. ठशाचं आहे, आणि जलचिन्ह नसलं तर?

काळ्या ताटलीत तिकीट पालथं ठेवलं, लायटरमध्ये भरायच्या द्रवाचे दोन थेंब सोडले. खिडक्या उघड्या होत्या, देवापुढची निरांजन आधीच मालवून आलो होतो. कागद ओला होऊन करडा झाला. क्षणभर काहीच दिसेना. मी श्वास रोखून वाकलेलो, आतून बायको विचारतेय की हा वास कसला. मग कोपऱ्यात मुकुटाचा अर्धा तुरा दिसायला लागला आणि त्याच्याखाली ‘ए’चा पाय.

तरीही मी फूटपट्टी घेऊन छिद्रं मोजली. दोनदा. साडेदहा.